आठवी संपायच्या आत

इंदूरहून सांवेर, देपालपूर किंवा महूच्या बाजूला निघालं की वाटेतल्या गावांत सहावी ते आठवीच्या शासकीय माध्यमिक शाळा लागतात. तिथल्या वर्गात 'दवाखान्यात कोण कोण काम करतं?' असं विचारलं की फळ्यावर दोन नावं लगेच येतात, डॉक्टर आणि नर्स. जरा थांबलं तर 'कंपाउंडर' येतो, मग 'झाडूवाली बाई', आणि यादी तिथेच संपते. गावच्या उपकेंद्रात मुलांनी माणसं पाहिलेली असतात तीच एवढी. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, मोडलेला हात पुन्हा हलता करणारा, औषधाचा डोस तपासून देणारा, 108च्या गाडीत पेशंटजवळ बसणारा, ही सगळी माणसं त्यांच्या नजरेत नसतात. आम्ही नर्सिंग, प्रयोगशाळा, फार्मसी, फिजिओथेरपी आणि एक्स-रे विभागात काम करणारी, काही निवृत्त झालेली इंदूरची मराठी मंडळी. या शाळांत जाऊन ही कामं मुलांच्या हातात देतो. हे काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर ते कसं बसवायचं आणि कुठे बिघडतं, ते इथे लिहितो आहोत.

पुष्कळांना वाटतं की करिअरचं मार्गदर्शन दहावीला करावं. आमचं मत ठाम आहे की तोपर्यंत उशीर झालेला असतो. मध्य प्रदेशात अकरावीला जीवविज्ञान, गणित, वाणिज्य, कला, कृषी यांतला एक गट घ्यावा लागतो. जीवविज्ञान सुटलं की एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, बीएससी नर्सिंग ही दारं बहुतेक बंद होतात. गावाजवळच्या उच्चतर माध्यमिक शाळेत जीवविज्ञान नसेल तर मूल तिथे जे आहे ते घेतं, आणि नववीला कुठल्या शाळेत नाव घालायचं हे घरात आठवीच्या उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. म्हणजे नकळत सगळा निर्णय आठवीतच होऊन जातो.

त्यात आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. 2023 पासून मध्य प्रदेशात एमबीबीएस आणि बीडीएसच्या प्रवेशात शासकीय शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी 5 टक्के आरक्षण आहे. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पात्र व्हावंच लागतं, पण शाळेची अट सहावीपासून सुरू होते: सहावी ते बारावी नियमितपणे शासकीय शाळेत शिकलेलं असलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत पहिली ते आठवी करून पुढे नववी ते बारावी शासकीय शाळेत केलेलंही चालतं. आता आठवीनंतर 'जरा बरी शाळा' म्हणून पोटाला चिमटा काढून रस्त्यावरच्या खासगी शाळेत घातलेल्या मुलाचा हा हक्क जातो, आणि घरच्यांना ते बारावीनंतर समजतं. ही माहिती सहावी-सातवीच्या पालकांपर्यंत पोचवणं एवढं एकच काम झालं तरी गावाची फेरी वाया गेली असं आम्ही मानत नाही.

परवानगीची वाट सरळ आहे, फक्त क्रम चुकवू नये. आधी मुख्याध्यापकांना भेटायचं, मग त्यांच्यामार्फत जनशिक्षकांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्यांना, कळवायचं, आणि जिल्हा शिक्षण केंद्राला पत्र द्यायचं. उलट्या क्रमाने, म्हणजे वरून आदेश घेऊन गेलं, की शाळा दार उघडते पण मन उघडत नाही. शिक्षक तो तास रजिस्टर भरण्यात घालवतात. पत्र एका पानाचं असावं. तारीख, वेळ, येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती, सामानाची यादी, आणि खाली चार ओळी ठळक: कुणाचंही रक्त काढलं जाणार नाही, सुई टोचली जाणार नाही, औषध वाटलं जाणार नाही, मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत. या चार ओळींनी निम्मी कुजबुज थांबते. मुख्याध्यापकांनी 'अभ्यासक्रम मागे पडेल' असं म्हटलं तर 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातले सहावी ते आठवीसाठीचे 10 बिनदप्तराचे दिवस दाखवावेत. स्थानिक कामं करणाऱ्यांकडून मुलांनी शिकावं यासाठीच ते ठेवलेले आहेत. शनिवारची बालसभा मात्र टाळा. तिला वेळ कमी, लहान वर्गही त्यातच, आणि अर्ध्या मुलांचं लक्ष घंटेकडे.

तारीख शेताकडे बघून ठरवायची. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची कापणी असते, तेव्हा वर्ग अर्धा रिकामा, आणि जी मुलं येत नाहीत त्यांनाच याची जास्त गरज असते. डिसेंबरच्या सुमारास सहामाही, फेब्रुवारीपासून आठवीची बोर्डाच्या धर्तीवरची परीक्षा, मार्चमध्ये गहू. उरतात ते जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, आणि जानेवारी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी रुतते, म्हणून सामान दोघांना उचलता येईल अशा दोन पेट्यांतच बसवावं.

कोणाला नेता हे सामानापेक्षा महत्त्वाचं. डॉक्टर एकच असावा, नसला तरी चालतो. डॉक्टर समोर असला की सगळे प्रश्न त्याच्याकडे जातात आणि शेवटी पोरं 'मैं डॉक्टर बनूंगा' एवढंच म्हणतात. नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर अशी पाच माणसं हवीत, आणि त्यांतला निदान एक खेड्यातून हिंदी माध्यमात शिकून आलेला. नर्सिंगमध्ये पुरुष असला तर आग्रहाने न्यावा. मुलग्यांनी 'ब्रदर' पाहिलेला नसतो आणि ते काम आपलंही असू शकतं हे त्यांच्या डोक्यात येत नाही. बोलणाऱ्यांना आधी सांगून ठेवतो: 'खूप अभ्यास करा' हे वाक्य नको. सकाळी किती वाजता ड्यूटी, बारावीला कोणते विषय होते, कोर्सला किती वर्षं लागली, फी कुणी भरली, कामात काय अवघड जातं, हे सांगा. रात्रपाळी, वास, चिडलेले नातेवाईक हेही सांगा. मुलं खरं बोलणाऱ्याकडे लगेच वळतात.

पांढरा कोट घालून फाटकातून आत जाऊ नये. राष्ट्रीय लसीकरणात 10 आणि 16 व्या वर्षी टीडीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाचं, इंजेक्शन असतं. दहावं वर्ष म्हणजे साधारण पाचवी, त्यामुळे सहावीच्या मुलांच्या दंडाला ती आठवण ताजी असते. कोट दिसला की 'मैडम, सुई लगेगी क्या?' सुरू होतं आणि मागच्या बाकावरची दोन-चार जणं मैदानात पळतात. कोट टेबलावर पोचल्यावर, मुलांच्या देखत घालावा आणि तो का घालतात हे तिथेच सांगावं.

चाळीस मुलांचा वर्ग धरला तर पाच टेबलं, दर टेबलावर आठ मुलं, बारा मिनिटांनी फेरी बदलायची. बदलायला दोन मिनिटं जातात, ती धरावीच. सुरुवातीला पंधरा मिनिटं आणि शेवटी वीस-पंचवीस मिनिटं सगळे एकत्र. असे तीन तासिकांत, म्हणजे दोन तासांत सगळं बसतं. आठच्या जागी बारा मुलं एका टेबलावर आली की मागची चार फक्त बघतात, म्हणून वर्ग मोठा असेल तर टेबलं वाढवावीत किंवा दोन दिवस करावेत. मुली मागे राहतात हे ठरलेलं. गट करताना मुलींचे वेगळे गट केले तर सामान त्यांच्या हातात राहतं. काही शिक्षकांना हे आवडत नाही, पण मिश्र गटात ड्रॉपर कुणाच्या हातात असतो ते एकदा उभं राहून पाहावं.

मुलांचं मन सगळ्यात जास्त रमतं ते प्रयोगशाळेच्या टेबलावर, म्हणून ते नीट सांगतो. खरं रक्त वापरायचं नाही. अर्धा पाव दूध, म्हणजे साधारण 125 मिलिलिटर, पाच फेऱ्यांना पुरून उरतं. दूध साईचं असेल तर आधी फडक्यातून गाळायचं, नाहीतर साय ड्रॉपरच्या तोंडात अडकते. त्यात खाण्याचा लाल रंग घालून गुलाबी करायचं, हे 'रक्त'. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर आणि साधं पाणी, ही दोन 'सीरम', म्हणजे रक्तगट ओळखायचे द्रव. बाथरूमच्या पांढऱ्या टाइलचे तुकडे घेऊन त्यावर पेनाने दोन-दोन गोल काढायचे, एकावर 'अँटी-ए', दुसऱ्यावर 'अँटी-बी'. प्रत्येक गोलात रक्ताचे 10 थेंब, त्यावर त्या-त्या बाटलीतले 5 थेंब, मग दातकोरणीने ढवळून अर्धा मिनिट थांबायचं. व्हिनेगर पडलं तिथे दूध फुटून गुठळ्या दिसतात, पाणी पडलं तिथे काही होत नाही. पेशंट क्रमांक 1ला अँटी-एच्या बाटलीत व्हिनेगर आणि अँटी-बीच्या बाटलीत पाणी दिलं की तो ए गटाचा. उलट केलं की बी. दोन्हींत व्हिनेगर असलं की एबी. दोन्हींत पाणी असलं की ओ. म्हणजे पेशंटगणिक सीरमच्या बाटल्या वेगळ्या लागतात. चार पेशंट म्हणजे आठ छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि नाव चिकटवलेलं. आरएच गट, म्हणजे रक्तगटातलं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, सहावीच्या मुलांसमोर काढू नये, गोंधळ होतो.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, ड्रॉपर बदलतात. व्हिनेगरचा ड्रॉपर पाण्याच्या बाटलीत गेला की पुढचे सगळे पेशंट एबी निघतात. तेव्हा पाणी ओतून टाकून पुढे जाऊ नका. 'एकाच गावात सगळेच एबी कसे?' असं विचारा. मुलं स्वतः शोधून काढतात की कुणीतरी ड्रॉपर अदलाबदल केला, आणि लॅबमध्ये प्रत्येक नमुन्याला वेगळी नळी, वेगळं टोक का लागतं हे त्यानंतर सांगावं लागत नाही. दुसरं, दूध फार थंड असेल तर गुठळ्या बारीक येतात आणि मुलांना दिसत नाहीत. दूध टेबलावर तासभर आधी काढून ठेवावं. तिसरं, ढवळायची काडी एकच राहते. काड्यांचं पाकीट आणि टाकायचा डबा दोन्ही हाताशी हवेत. शेवटी एक वाक्य बोललंच पाहिजे: हे दूध आम्लाने फुटलं आहे, खऱ्या तपासणीत तांबड्या पेशी प्रतिपिंडांमुळे एकमेकींना चिकटतात, दिसतं मात्र असंच. ए, बी, ओ हे रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये मांडले, त्याआधी रक्त देणं हा नशिबाचा भाग होता, हे मुलं कान देऊन ऐकतात.

नर्सिंगच्या टेबलावर दोन कामं. हात धुण्याच्या सहा पायऱ्या, 'सुमन-के', बऱ्याच मुलांना पाठ असतात: सीधा, उल्टा, मुट्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. पाठ असणं आणि हात स्वच्छ होणं यांत अंतर आहे, ते दाखवायला दोन मोठे चमचे सोयाबीन तेलात अर्धा छोटा चमचा हळद कालवायची आणि पाव-पाव चमचा प्रत्येकाच्या तळव्यावर द्यायची. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगायचं, मग साबणाने. अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला पिवळं राहतं. साबण लागला की हळद लाल होते आणि एखादं मूल 'खून!' म्हणून ओरडतंच. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळद रंग बदलते, हे सातवीच्या विज्ञानात आहे. लघवी तपासायची पट्टीही रंग बदलूनच उत्तर देते, असं तिथल्या तिथे जोडून द्यावं. बाह्या आधी वर करायला लावा, गणवेशावरचा हळदीचा डाग घरी ओरडा खायला लावतो. हँडपंपावर हे करू नये. चिखल होतो आणि पाच मिनिटं पंप हापसण्यातच जातात. नळ लावलेला 20 लिटरचा डबा न्यावा.

दुसरं काम नाडी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी लागते आणि मूल आपलीच मोजत बसतं. दाबून धरलं की नाडी हरवते. मोजायला सुरुवात 'शून्य'पासून करायची, तीस सेकंद, मग दुप्पट. बसलेल्या स्थितीत या वयाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100च्या मध्ये येते. मिनिटभर उड्या मारून पुन्हा मोजली की आकडा चढतो. ज्यांना बोटाला लागत नाही त्यांच्यासाठी कणकेची वाटाण्याएवढी गोळी नाडीवर चिकटवून तिच्यात केरसुणीची सहा-सात सेंटिमीटरची काडी उभी खोचायची. हात बाकावर सैल ठेवला की काडी ठोक्याबरोबर हलते. गोळी मोठी झाली तर हलत नाही, हात हवेत धरला तर सगळीच हलते. ती काडी हलताना पाहिली की सातवीतला वर्ग असा शांत होतो की शिक्षकही येऊन उभे राहतात.

रक्तदाबाचं यंत्र आम्ही मुलांना लावत नाही. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडावर लावला तर दाब खोटाच कमी दिसतो, आणि आकडा वर्गभर फिरतो. हवं तर शिक्षकांच्या दंडावर दाखवावं, तेही त्यांना आधी विचारून. वजन, उंची, हिमोग्लोबिन यांतलंही काही चारचौघांत मोजू नये. ज्याचं वजन कमी भरलं त्याला त्या दिवशी बाकी काही आठवत नाही.

फिजिओथेरपीसाठी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, मध्ये टाचणी आणि भूमितीच्या पेटीतला कोनमापक पुरतो. टाचणी कोपराच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी खांद्याकडे, दुसरी मनगटाकडे. हात सरळ असताना शून्य, पूर्ण दुमडल्यावर साधारण 140 ते 150 अंश. दर गटात कुणीतरी 40 वाचतं, कारण कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात आणि चुकीची रांग वाचली जाते. ते चुकीचं वाचन फळ्यावर तसंच लिहावं आणि 'एवढाच वाकला तर घास तोंडापर्यंत पोचेल का?' असं विचारावं. मुलगा हात तेवढाच वाकवून बघतो, आणि आकडा चुकला हे त्याला स्वतःलाच कळतं. माप मुलीने मुलीचं, मुलाने मुलाचं घ्यावं, मोठ्यांनी हात लावू नये.

एक्स-रेच्या टेबलाला जुन्या फिल्म्स लागतात. त्यांवरचं पेशंटचं नाव आणि क्रमांक कात्रीने कापूनच पेटीत ठेवाव्यात. खिडकीच्या काचेवर धरून पाहायच्या. लहान मुलाच्या हाताच्या फिल्ममध्ये हाडाच्या टोकाशी काळी फट दिसते आणि सगळे एका सुरात 'टूटा है' म्हणतात. ती फट म्हणजे हाड वाढायची जागा, तिथे कूर्चा असते आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. मोठ्या माणसाची फिल्म शेजारी धरली की फरक कळतो. फार्मसीच्या टेबलावर खरी गोळी एकही नको. रिकाम्या स्ट्रिप्स, हरभरे आणि चिठ्ठ्या न्यायच्या: '1-0-1, 5 दिवस' म्हणजे किती? हरभरे पाच-पाचने पट्टीने सरकवून मोजायचे. स्ट्रिपवर मुदत कुठे छापलेली असते, लाल उभी रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न घ्यायचं औषध, हे दाखवायचं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवणं ही घरोघरची चूक आहे, म्हणून 200 मिलिलिटरचे पाच ग्लास ओतून एक लिटर त्यांच्याकडूनच भरून घ्यावं.

फेऱ्या संपल्यावर सगळे खाली बसतात आणि 108ला फोन करायचा सराव होतो. एक मूल फोन करणारं, एक पलीकडचं. बहुतेक जण 'जल्दी आओ' म्हणून फोन ठेवून देतात. गाव, पंचायत, रस्त्यावरची खूण, काय झालं, किती जण, शुद्धीवर आहे का, आणि समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हे दोनदा करून घेतलं की बसतं. गाडीत चालकाखेरीज इमर्जन्सी टेक्निशियन असतो, तीही एक नोकरी आहे, हे इथे सांगायचं.

मग प्रश्न. एक नक्की येतो: रक्त बघून चक्कर येते, मग काय करायचं? उत्तर खरं द्यावं. बऱ्याच जणांची भीती सवयीने जाते. ज्यांची जात नाही त्यांना फार्मसी, आहारशास्त्र, रेकॉर्ड विभाग, चष्म्याचं काम, बहिऱ्यांची श्रवणचाचणी अशी कामं आहेत. 2021च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत अशी पन्नासहून जास्त कामं आहेत. ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवू नयेत, त्यातून कुतूहल कमी आणि चक्कर जास्त येते. दुसरा प्रश्न इंग्रजीचा. नीट हिंदीतून देता येते, आणि मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, हे सांगितल्यावर मागच्या बाकांवरचे चेहरे वर येतात. पण औषधांची नावं, अहवाल, पुढची पुस्तकं इंग्रजीच असतात, म्हणून इंग्रजी सोडू नका हेही त्याच दमात सांगतो. अर्धं सांगून मुलांना खूश करणं बरं नव्हे.

पालकांची बैठक वेगळी, संध्याकाळी, दूध काढून झाल्यावर. शाळेच्या वेळेत बोलावलं तर फक्त आजोबा येतात. या बैठकीत जुने एक्स-रे आणि औषधांच्या पिशव्या निघतातच. आम्ही तपासणी करत नाही. सुरू केली की रांग लागते आणि मुलांचा विषय बाजूला पडतो. स्थानिक एएनएम दीदींना, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंना, किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रातल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना बरोबर बसवून दुखणं त्यांच्याकडे वळवावं. शिवाय त्या स्वतःच गावासमोरचं जिवंत उदाहरण असतात: नर्सिंग करून आपल्या तालुक्यात सरकारी जागेवर बसलेली बाई. मुलीला रात्रपाळीला कसं पाठवायचं, या प्रश्नाला त्यांच्याइतकं चांगलं उत्तर आमच्यापैकी कुणी देऊ शकत नाही.

पालकांना वर्षं आणि अटी सांगायच्या, स्वप्नं नाहीत. एएनएम 2 वर्षं, फक्त मुलींसाठी, आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) 3 वर्षं. दोन्ही बारावीनंतर, आणि जीवविज्ञान नसलं तरी सहसा चालतं. बीएससी नर्सिंग 4 वर्षं, त्याला भौतिक, रसायन, जीवविज्ञान आणि इंग्रजी. डी. फार्म (फार्मसीची पदविका) 2 वर्षं, जीवविज्ञान किंवा गणित. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि पूर्ण एक वर्ष इंटर्नशिप धरून साडेपाच. पैशाचा पहिला आधार आठवीतच आहे: राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्ती, नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्क्यांची सूट, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेतलं. परीक्षेत बुद्धिमत्तेचे 90 आणि विषयांचे 90 प्रश्न, प्रत्येकी दीड तास. पात्र मुलं अडकतात ती उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यात आणि आधार व शाळेच्या रजिस्टरमधल्या नावाच्या फरकात. सातवीतच ही चारही कागदपत्रं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावीत.

खोट्या कॉलेजांचा विषय टाळता येत नाही. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत आणि सीबीआय चौकशीपर्यंत गेलं, त्यात मुलींची वर्षं अडकली. दलाल गावात येऊन 'आना नहीं पड़ेगा, परीक्षा दिला देंगे' म्हणतो, तेव्हा तिथेच नाही म्हणायचं. जिथे हजेरी लागत नाही तिथे काम शिकवत नाहीत. कॉलेजचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या, फार्मसीचं फार्मसी कौन्सिलच्या त्या वर्षीच्या यादीत बघायचं, कॉलेजला जोडलेलं रुग्णालय कोणतं ते विचारायचं आणि तिथे जाऊन खाटांवर पेशंट आहेत का ते डोळ्यांनी पाहायचं. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात ठेवायच्या नाहीत.

शाळेत मागे काय ठेवायचं? माहितीपत्रकं दुसऱ्या दिवशी वहीची कव्हरं होतात. आम्ही मुलांकडूनच भिंतीवर एक रस्ता रंगवून घेतो: आपली शाळा, मग नववीसाठी जवळची शासकीय शाळा, मग अकरावीला जीवविज्ञान असलेली शाळा, तिचं खरं नाव, अंतर आणि बसची वेळ. ही माहिती आधी जनशिक्षकांकडून पक्की करावी लागते, कारण वर्ग मंजूर असतो आणि शिक्षक नसतो असंही आढळतं. जीवविज्ञानाचा शिक्षक नसेल तर त्या शाळेचं नाव भिंतीवर लिहू नये, पुढच्या शाळेचं लिहावं. अंतर दहा-बारा किलोमीटर असेल तर मुलींसाठी तोच खरा अडथळा. एकाच गावातल्या तीन-चार मुलींनी एकत्र नाव घातलं की घरचे तयार होतात, म्हणून आठवीच्या मुलींच्या आयांना एकत्र बसवून बोलावं.

पाठपुरावा मुलांच्या फोनवर ठेवू नये. नंबर वडिलांचा असतो आणि वर्षात बदलतो. आठवीच्या वर्गशिक्षकांकडे एक साधी वही द्यावी: नाव, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, नववीला कुठे गेलं, अकरावीला कोणता गट घेतला. निकालानंतर शाळा सोडल्याचे दाखले निघतात तेव्हा आणि जूनमध्ये प्रवेश चालू असताना ती वही उघडायची. ज्याच्या नावापुढे नववीची शाळा लिहिलेली नाही, त्याच्या घरी वर्गशिक्षकांबरोबर त्याच आठवड्यात जायचं. प्रवेशाची मुदत संपल्यावर जाऊन काही होत नाही.